गोष्ट कोण सांगतंय, कुठून पाहतंय? कथनातल्या दृष्टिकोनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीची मुलं, एम.ए.ची तयारी करणारे, पहिली कथा दिवाळी अंकाला पाठवायच्या बेतात असलेले आणि नुसते वाचणारे, असे सगळे थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. उत्तरं देताना एकच छोटा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वापरला आहे. सण नाही, सुट्टी नाही, आणि सुमन संध्याकाळच्या एस.टी.ने एकटीच माहेरी येते. हातात एक पिशवी. घरात आई, बाबा, भाऊ, वहिनी. पलीकडच्या अंगणात शेजारच्या काकू. पुढचं सगळं, कोण सांगतंय त्यावर.

दृष्टिकोन म्हणजे लेखकाचं मतच ना?

नाही. हा घोळ शब्दामुळे होतो. 'माझा या प्रश्नाकडे पाहण्याचा दृष्टिकोन वेगळा आहे' असं आपण बोलतो तेव्हा मत म्हणायचं असतं. कथेच्या संदर्भात दृष्टिकोन म्हणजे उभं राहण्याची जागा. अंगणातून पाहिलं तर स्वयंपाकघर दिसत नाही, एवढा साधा मुद्दा आहे. मत त्या जागेवरून तयार होतं, पण ती पुढची गोष्ट.

निवेदक आणि लेखक एकच असतो का?

कथेत, कादंबरीत, नाही. सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे आणि सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः येऊ लागली. ती सांगते यमू. तिचं बालपण, लग्न, वैधव्य, सगळं तिच्याच तोंडून. लिहिणारा सव्विशीतला पुरुष. आपटे यमूच्या बाजूचे आहेत यात शंका नाही, पण यमूला जे कळत नाही ते आपट्यांना कळत असतं. लहान यमू घरातल्या मोठ्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगते, त्यातली क्रूरता तिला तेव्हा पुरती उमगत नाही, वाचकाला उमगते. लेखक आणि निवेदक यांच्यातल्या या फटीतूनच कादंबरी बोलते. ती फट बुजवून 'आपटे म्हणतात की…' असं लिहिलं, की निम्मी कादंबरी हातची गेली.

'कोण बोलतं' आणि 'कोण पाहतं' हे वेगळं कसं असू शकतं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. फ्रेंच अभ्यासक जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये हा भेद नीट मांडला, पण तो समजायला फ्रेंच यावं लागत नाही. सुमनचा प्रसंग घ्या. खालची चारही वाक्यं तृतीयपुरुषी आहेत, कुठेही 'मी' नाही:

सुमनच्या हातातल्या बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या.

कणीक चौघांपुरती भिजवली होती, त्यात आता आणखी मूठभर पीठ घालावं लागणार होतं.

पिशवी एकच, म्हणजे दोन दिवसांसाठी आली असेल, नाहीतर सगळंच टाकून.

खिडकीपाशी तिची कॉट असायची, तिथे आता शिलाई मशीन होतं.

पहिलं वाक्य आईच्या डोळ्यांचं. दुसरं वहिनीचं. तिसरं काकूंचं. चौथं खुद्द सुमनचं. बोलणारा आवाज चारही ठिकाणी एकाच निवेदकाचा आहे, डोळे बदलत गेले. म्हणून नुसतं 'कथा तृतीयपुरुषी आहे' म्हटल्याने काहीच सांगून होत नाही. व्याकरणातला पुरुष आणि पाहणारा पुरुष (किंवा बाई) या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

प्रथमपुरुषी निवेदन सोपं का म्हणतात?

लिहायला बसणाऱ्यांना ते सोपं वाटतं, कारण 'मी' म्हटलं की हात चालायला लागतो. प्रत्यक्षात ते अवघड आहे. 'मी' जिथे नव्हता तिथलं काही सांगता येत नाही. दाराआडून ऐकलं, कुणी येऊन सांगितलं, पत्र सापडलं, अशा युक्त्या कराव्या लागतात आणि त्या वाचकाला लगेच दिसतात.

शिवाय 'मी' एकटा नसतो. घडत होतं तेव्हाचा एक आणि आता सांगणारा दुसरा. 'श्यामची आई' (१९३५) पाहा. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना बेचाळीस रात्री आईच्या आठवणी सांगतो. त्यातली अळणी भाजीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील एका शब्दाने बोलत नाहीत, मुलंही मुकाट जेवतात, आणि शेवटी जेवायला बसलेल्या आईला ते कळतं. पाटावर बसलेल्या लहान श्यामला फक्त भाजी अळणी आहे एवढंच कळलेलं असणार. वडिलांच्या गप्प राहण्यातलं मोल सांगतो तो आश्रमातला श्याम. दोघांचा 'मी' एकच, वय वेगळं. प्रथमपुरुषी कादंबरी वाचताना प्रत्येक 'मी'पाशी थांबून हा कितीतला मी, असं विचारून पाहा, बरंच काही उलगडतं.

आणि 'मी' नायक असलाच पाहिजे असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) सांगणारा आहे तरुण शाळामास्तर. गोष्ट मात्र त्या धनगरवाडीची, तिच्यातल्या माणसांची आणि शेवटी दुष्काळाची. मास्तर बाहेरून आलेला असल्यामुळेच वाडीतल्यांना न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात. वाडीतल्याच कुणाला सांगायला बसवलं असतं तर मेंढरं, कुत्री, घरांची रचना यांची एवढी वर्णनं कशाला आली असती? रोजचं कोण वर्णन करतं!

मराठीत 'मी'ला स्वतः पुरुष की बाई हे लपवता येतं का?

काही वाक्यांपुरतं. इथे आपल्या भाषेची खरी गंमत आहे. 'मी गेलो', 'मी गेले' म्हटलं की उलगडा झाला. 'मी जातो', 'मी जाते' इथेही तेच. पण 'मी चहा केला', 'मी पत्र फाडलं', 'मला कळलं', 'मी उद्या जाईन', 'आम्ही निघालो' यांत कळत नाही, कारण क्रियापद कर्माकडे बघतं किंवा लिंग दाखवतच नाही. म्हणजे 'मी' करत, लिहीत, फाडत राहिला तर झाकलेला राहील. उठला, बसला, हसला की उघडा पडेल. 'शिकणे' आणि 'विसरणे' ही क्रियापदं तर कर्म असलं तरी कर्त्याचंच ऐकतात, तिथे हमखास सापडतो.

हे घटवून अख्खी लघुकथा लिहून पाहिलेली माणसं मला भेटली आहेत. तिसऱ्या पानावर निवेदकाला कुठेतरी बसावंसं वाटतंच.

एक बारीक नोंद. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात आणि विदर्भात 'मी गेली' ऐकू येतं. त्यामुळे क्रियापदावरून निवेदकाचं गावही कळू शकतं. संपादकाने ती 'चूक' सुधारली, तर तो दृष्टिकोनातला बदल झाला, शुद्धलेखनातला नाही.

सर्वज्ञ निवेदक म्हणजे काय? तो आता जुनाट झाला का?

ज्याला सगळ्यांच्या मनातलं, मागचं-पुढचं, भिंतीपलीकडचं ठाऊक असतं तो. जुनाट वगैरे काही झालेला नाही. फक्त त्याला वाटेल तसा वापरून चालत नाही.

आपल्या परंपरेत त्याचं मूळ रूप संजय आहे. व्यासांनी दिव्यदृष्टी दिली म्हणून त्याला युद्ध दिसतं, आणि आंधळ्या धृतराष्ट्राला तो ते सांगतो. म्हणजे कृष्ण अर्जुनाला सांगतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो, आणि १२९० च्या 'ज्ञानेश्वरी'त ते सगळं ज्ञानदेव समोरच्या श्रोत्यांना सांगतात. एकात एक तीन कथनं. ज्ञानदेवांना या रचनेची पुरेपूर जाण आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी संजय आनंदाने भरून आलेला असतो, आणि समोर म्हातारा धृतराष्ट्र पुराच्या पाण्यात निवांत बसलेल्या रेड्यासारखा ढिम्म. सगळं पाहणारा निवेदक आणि काहीच न ऐकणारा श्रोता! निवेदकालाही मन असतं, त्याचाही पाणउतारा होऊ शकतो, हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी लिहून झालेलं आहे. तेव्हा 'निवेदनशास्त्र पाश्चात्त्यांकडून आलं' हे वाक्य उत्तरपत्रिकेत जरा जपून लिहा.

कीर्तनकारही हेच करतो. सीतेचं बोलतो, रावणाचं बोलतो, मधेच 'बरं का मंडळी' म्हणून चालू काळातला एखादा चिमटा काढतो, आणि पुन्हा अशोकवनात. श्रोत्यांचा कधी गोंधळ होत नाही. कागदावर मात्र तोच सैलपणा खपत नाही, कारण तिथे आवाज नाही, हातवारे नाहीत.

तृतीयपुरुषी कथेत आपण नेमके कुणाच्या डोळ्यांनी पाहतोय, हे ओळखायचं कसं?

बाहेरची पुस्तकं यासाठी लांबलचक कसोट्या देतात. मराठी वाचकाला त्यांची फारशी गरज नाही, कारण आपली भाषा बारीक बारीक शब्दांत हे सांगून टाकते. फक्त तिकडे बघायची सवय हवी.

पहिली जागा, आदरार्थी. ही वाक्यं पाहा: 'दामोदर ओसरीवर येऊन बसला.' 'बाबा ओसरीवर येऊन बसले.' 'मामंजी ओसरीवर येऊन बसले.' माणूस एकच, सुमनचे वडील. पहिल्या वाक्यात निवेदक लांब किंवा वरचढ आहे, नाहीतर दामोदरच्या आईजवळ उभा आहे. दुसऱ्यात तो मुलांच्या उंचीवर आला. तिसऱ्यात सुनेच्या पदराआड. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात क्रियापद सारखंच, पण एका नात्याच्या शब्दाने घरातली जागा बदलली.

हीच खूण जुन्या कथा-कादंबऱ्यांत वापरली की अस्वस्थ व्हायला होतं. 'नानासाहेब आले' आणि 'रामा गडी आला', दोघंही पन्नाशीचे, एकाच परिच्छेदात. कुणीही पात्र बोलत नाहीये. हा तटस्थ म्हणवणारा निवेदक आहे. तो कुणाच्या घरात वाढला हे त्या दोन क्रियापदांनी सांगून टाकलं. ग्रामीण आणि दलित साहित्याने जे बदललं त्यात विषय होते, भाषा होती, तसंच 'आला' आणि 'आले' यांची ही वाटणीही होती. यावर फार कमी बोललं जातं असं मला वाटतं.

दुसरी जागा, येणं आणि जाणं. 'सुमन माहेरी आली' म्हणणारा माहेरच्या अंगणात आहे. 'सुमन माहेरी गेली' म्हणणारा सासरच्या उंबऱ्यात. मराठी माणूस हे न चुकता पाळतो आणि लक्षात मात्र कधी घेत नाही.

तिसरी जागा माझी आवडती: 'आपण'. 'तिला वाटलं, आपण उगाच आलो.' इथे 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे, सुमन स्वतः. 'तिला वाटलं, ती उगाच आली' असंही लिहिता येईल, पण मग ही दुसरी 'ती' कोण, वहिनी तर नव्हे, अशी शंका येते आणि आपण सुमनच्या बाहेर उभे राहतो. 'आपण' म्हटलं की तिच्या डोक्यात शिरलो. पुढे 'तिला वाटलं'ही गाळता येतं. सुमनने पिशवी खाली ठेवली. उगाच आलो आपण. आता आई विचारणार. विचारू दे. — या चार वाक्यांत 'मी' नाही, अवतरणचिन्हं नाहीत, 'असा विचार तिच्या मनात आला' हे ओझं नाही, आणि तरी ते सुमनचंच बोलणं आहे. याला अभ्यासक मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल.

मनातलं वाहतं बोलणं याहून पुढे नेलं की त्याला संज्ञाप्रवाह म्हणतात. बा. सी. मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) मध्ये तो प्रयोग मराठीत केला. वाचायला कठीण आहे, तरी एकदा वाचाच.

'म्हणे' या शब्दाचा दृष्टिकोनाशी काय संबंध?

फार जवळचा. 'सुमन भांडून आली' हे विधान आहे, त्याची जबाबदारी निवेदकावर. 'सुमन म्हणे भांडून आली' म्हटलं की जबाबदारी गावावर गेली. बोलणाऱ्याने पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, आणि कदाचित त्याचा विश्वासही नाही. हाच 'म्हणे' जरा ओढून उच्चारला की टोमणा होतो: 'म्हणे बरं वाटत नाही!' ऐकीव, शंका आणि कुत्सितपणा, तिन्ही एका अडीच अक्षरी शब्दात. 'भांडून आली असावी', 'भांडून आलेली दिसते' ही त्याची भावंडं. तिथे निवेदक ऐकत नाही, अंदाज बांधतो. शेजारच्या काकूंच्या नजरेतून लिहायचं असेल तर निम्मं काम हे तीन प्रयोग करतात.

माहिती कुणाकडून आली याची फिकीर आपल्या गद्यात सुरुवातीपासून आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ठिकठिकाणच्या भक्तांना गाठून, विचारून. 'लीळाचरित्रा'त एकाच प्रसंगाच्या वेगळ्या आठवणी कुठे कुठे सांगणाऱ्याच्या नावासकट येतात. अमक्याला असं आठवतं, तमक्याला तसं. कोणतं खरं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

एकाच कादंबरीत अनेक निवेदक का ठेवतात?

कारण एकाच घटनेला एक बाजू पुरत नाही. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णासोबत कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात, आणि शेवट कृष्ण सांगतो. शेवटासाठी दुसरा निवेदक अटळच होता, कारण कर्ण स्वतःचं मरण पूर्ण सांगू शकत नाही. पण त्यासाठी कृष्ण निवडणं ही लेखकाची चाल. ज्याच्या सल्ल्याने कर्णावर बाण सुटला, त्याच्याच तोंडून कर्णाचं मोठेपण.

माझी एक तक्रार आहे आणि ती बऱ्याच चाहत्यांना आवडत नाही. 'मृत्युंजय'मधले सगळे जवळपास एकाच अलंकृत भाषेत बोलतात. कुंतीचं पान आणि दुर्योधनाचं पान नावं झाकून वाचा; प्रसंगावरून ओळखाल, बोलण्यावरून क्वचितच. जागा बदलली, आवाज बदलला नाही. खांडेकरांकडेही थोडंफार हेच होतं. वाचनाचा आनंद त्याने कमी होतो असं नाही, पण अनेक निवेदक घेणार असाल तर ही परीक्षा स्वतःच्या लेखनाला लावून बघा.

पत्रांतून कादंबरी हा याचाच एक जुना प्रकार. वामन मल्हार जोशी यांची 'इंदू काळे व सरला भोळे' सबंध पत्रांतून उलगडते. पत्र लिहिणारा कुणाला लिहितोय यावर तो काय लपवतो ते ठरतं, ही त्यातली खरी मजा.

अविश्वसनीय निवेदक म्हणजे खोटं बोलणारा का?

कधी खोटारडा, कधी भोळा, कधी लहान मूल, कधी स्वतःलाच फसवणारा. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ही संज्ञा रूढ केली. मराठी घरात मात्र ही जात सगळ्यांच्या ओळखीची आहे: 'मला बाई कुणाच्या भानगडीत पडायची सवयच नाही. आता सुमनचंच बघा…' पहिलं वाक्य खोटं असल्याचा पुरावा दुसऱ्या वाक्यात निवेदक स्वतःच देतो. लेखकाने फक्त त्याला बोलू द्यायचं.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तला (१९६३) निवेदक पांडुरंग सांगवीकर अविश्वसनीय आहे का, असं बरेचजण विचारतात. माझ्या मते तो खोटं सांगत नाही, तो सावध आहे. त्याचं ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणजे स्वतःच्याच विधानांपासून एक पाऊल मागे सरकणं. ठाम बोलणाऱ्या जगात ठाम बोलायचं नाही, असा हट्ट. धाकटी बहीण मनी जाते तो भाग मग इतका अंगावर का येतो? तिथे हे मागे सरकणं त्याला जमत नाही म्हणून.

'तू' किंवा 'तुम्ही' वापरून कथा लिहिता येते का?

येते. लांब पल्ल्यावर दमछाक होते, वाचकाची आधी.

'आम्ही' सांगतोय अशी कथा असते का?

असते, आणि इथे मराठीकडे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. 'आपण' म्हणजे त्याला धरून. हिंदीच्या 'हम'ला हा भेद करावा लागत नाही. बेबी कांबळे यांच्या आत्मकथनाचं नावच 'जिणं आमुचं' (१९८६) आहे. एका बाईचं आयुष्य, पण सांगणं वस्तीचं. हा 'आमुचं' वाचकाला आत ओढत नाही, समोर बसवून ऐकवतो: हे आमचं होतं, तुमचं नव्हे. तिथे 'आपलं' आलं असतं तर पुस्तकच वेगळं झालं असतं. भाषणात पुढारी 'आपण' म्हणतात तेव्हा आपल्याला कशात धरलं जातंय हेही एकदा तपासायला हरकत नाही.

आत्मचरित्रात तर लेखक हाच निवेदक. मग दृष्टिकोनाचा प्रश्न कुठे येतो?

तिथेच जास्त येतो. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर आहेत. एकच माणूस. एक गावकुसाबाहेरचा आणि मुंबईच्या कावाखाना वस्तीतला, दुसरा शिकलेला, नोकरदार, लेखक म्हणून ओळखला जाणारा. सरळ 'मी'ने सुरुवात केली असती तर पांढरपेशा झालेल्या 'मी'ने दगडूवर ताबा मिळवला असता. स्वतःला दोन नावांत फोडणं ही इथे शैलीची हौस नाही. दगडूला स्वतःचं बोलता यावं यासाठी ते करावं लागलं.

कवितेत 'मी' म्हणजे कवी का?

आपल्याकडे तरी नेहमी नाही. 'तुका म्हणे' म्हणताना तुकाराम स्वतःचाच उल्लेख तृतीयपुरुषी करतात. अभंगभर 'मी' आणि शेवटी 'तुका'. ज्ञानदेवांच्या विरहिणींत बोलणारी स्त्री आहे. गवळणी लिहिल्या पुरुष संतांनी. शाहिरांच्या लावण्यांतली 'मी'ही बहुतेक वेळा बाईच, लिहिणारा फेटेवाला. ती बाई पुरुषाला हवी तशी बोलते का, हा प्रश्न लावणीला विचारायलाच हवा. जात्यावरच्या ओवीत मात्र बाईच रचते, बाईच गाते, आणि भावाचं कौतुक करता करता भावजयीला कोपरखळी मारते.

शाळेत पाठ झालेली कुसुमाग्रजांची 'कणा' पुन्हा एकदा काढा. पावसात भिजलेला मुलगा सरांच्या दारात येतो, पूर सांगतो, आणि सरांचा हात खिशाकडे जाताच उठतो. कवितेत सर एकही वाक्य बोलत नाहीत. 'मी' म्हणून स्वतःकडे बोटही दाखवत नाहीत. तो हात कुणाचा हेदेखील सांगितलेलं नाही. तरी वाचक बरोबर सरांच्या खुर्चीत बसलेला असतो, आणि पैसे काढायला निघालेला हात वाचकालाच आपला वाटून ओशाळायला होतं. तिथे 'माझा' हा एक शब्द घालून पाहा, कविता सरांची होते आणि आपण सुटतो.

निवेदन बोलीत असावं की प्रमाण मराठीत?

नियम नाही, पण परिणाम आहे. संवाद बोलीत आणि निवेदन पुस्तकी मराठीत असलं, की निवेदक ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला आणि माणसं अंगणात, असं चित्र आपोआप तयार होतं. कधी तेच हवं असतं. 'बनगरवाडी'त ते शोभतं, मास्तर शिकलेलाच आहे. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'त (१९६५) मात्र पोक्या ज्या भाषेत नाक्यावर बोलतो त्याच भाषेत गोष्ट सांगतो. निवेदक नाक्यावरून उठून प्रमाण मराठीच्या माडीवर जात नाही. पुस्तकावर जो गदारोळ झाला त्यात विषयाइतकाच हाही भाग असणार: शिवराळ बोलणारी पात्रं लोकांनी सहन केली असती, शिवराळ बोलणारा निवेदक नाही.

दृष्टिकोन 'घसरतो' म्हणजे काय होतं?

सुमनच्या डोळ्यांनी लिहीत असताना 'सुमनचे डोळे लाल झाले होते' असं लिहिलं की घसरला. तिला स्वतःचे डोळे कुठून दिसणार? डोळे चुरचुरत होते, एवढंच तिला कळेल. तसंच, 'वहिनीला तिची कीव आली' हे सुमनला ठाऊक असू शकत नाही. वहिनीने न विचारता दुसरी पोळी वाढली, हे दिसू शकतं. सर्वज्ञ निवेदक असेल तर दोन्ही चालतील, पण मग त्याने पहिल्या परिच्छेदापासून तसं वागायला हवं. नऊ पानं सुमनच्या डोक्यात राहून दहाव्या पानावर सोयीसाठी बाबांच्या डोक्यात डोकावणं, ही नवोदितांच्या हस्तलिखितांत सर्वांत जास्त दिसणारी चूक. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पकड सुटते.

परीक्षेत यावर उत्तर कसं लिहावं?

'ही कथा प्रथमपुरुषी आहे, त्यामुळे ती जिवंत वाटते' एवढ्यावर थांबू नका. हे वाक्य तपासणाऱ्याने त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. एक परिच्छेद निवडा, त्यातलं एक क्रियापद किंवा एक सर्वनाम पकडा आणि ते बदललं तर काय बिघडेल ते दोन ओळींत लिहा.

माझ्या कथेसाठी योग्य दृष्टिकोन कसा निवडू?

ज्याला सगळ्यांत जास्त माहिती आहे त्याला सांगायला बसवण्याचा मोह होतो. तो टाळा. सुमनची गोष्ट सुमननेच सांगितली तर ती का आली हे तिला माहीत आहे. मग ती तीन पानं ते लपवत बसली, तर वाचकाला चिडवल्यासारखं होतं. वहिनीला बसवा. तिला माहीत नाही, जाणून घ्यायचं आहे, आणि विचारायचा हक्क आहे की नाही याची खात्री नाही. शिवाय तीही याच घरात बाहेरून आलेली. गोष्ट आपोआप पुढे सरकते.

मग तोच प्रसंग आणखी दोघांना सांगायला लावा, प्रत्येकी एक पान. काकूंचं पान पटकन होईल. दुसरं सुमनच्या सासूचं लिहा, जिचा या सगळ्या पानावर मी उल्लेखही केलेला नाही. तिकडची पहिली ओळ बहुधा अशी येईल: संध्याकाळच्या एस.टी.ने सून न सांगता माहेरी गेली, आणि जाताना गॅसवरचं दूध उतरवून ठेवून गेली.